लालबागेत काटे पाहायला जाताना

बेंगळुरूला गेलेलं मराठी कुटुंब लालबागेत जातंच. काचघर पाहून होतं, तळ्याला फेरी होते, केंपेगौडाच्या बुरुजापाशी फोटो निघतात आणि मग डोसा कुठे चांगला मिळतो याची चौकशी सुरू होते. निवडुंगांच्या विभागावरून मंडळी जाता जाता नजर टाकतात, “किती हे काटे!” म्हणतात आणि पुढे सरकतात. माझा आग्रह असा, की पुढच्या खेपेला एक सकाळ फक्त या काट्यांसाठी राखून ठेवा. लांबून ही सगळी झाडं सारखी वाटतात. काय शोधायचं हे ठाऊक ठेवून जवळ गेलात, तर बागेतल्या दुसऱ्या कुठल्याही झाडापेक्षा ती जास्त सांगतात. त्यांच्या अंगावरची प्रत्येक रेघ, प्रत्येक फुगवटा, प्रत्येक काटा पाण्याचा हिशेब मांडत असतो, आणि तो हिशेब आपल्याला वाचता येतो.

बेंगळुरू वाळवंटात नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घेऊ. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असलेल्या या शहरात वर्षाला जवळपास हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात १९३९ साली स्थापन झालेली ‘डेझर्ट बोटॅनिकल गार्डन’ ही वाळवंटी झाडांची जगप्रसिद्ध बाग आहे. तिथे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथल्या माळ्याची झाडं स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच मातीत उभी आहेत. बेंगळुरूच्या माळ्याला मात्र हीच झाडं पावसापासून वाचवावी लागतात. म्हणून आपल्याकडच्या कुठल्याही निवडुंगबागेत शिरलात की आधी झाडाकडे न पाहता त्याच्या पायाशी पाहा. वाफा जमिनीपासून किती उचललेला आहे? माती आहे की खडी? उतार कुठल्या बाजूला आहे? वर छप्पर आहे का, आणि ते कुठल्या झाडांवर आहे? ज्या झाडावर छप्पर घातलंय ते पावसाला सर्वांत घाबरणारं, आणि जे उघड्यावर टाकलंय ते सोशिक. निम्मी ओळख इथेच होते.

जायचं कधी? माझ्या मते फेब्रुवारी ते मे. बेंगळुरूचा उन्हाळा विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला उन्हाळा वाटणारच नाही, आणि बरेच निवडुंग याच दिवसांत फुलतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास लालबागेत मोठी पुष्पप्रदर्शनं भरतात. ती जरूर पाहावीत, पण निवडुंगांसाठी ते दिवस टाळावेत. त्या गर्दीत कुठल्याच झाडापुढे दहा मिनिटं उभं राहता येत नाही. बाग सकाळी सहाला उघडते. शक्य झालं तर सहालाच पोचा. त्याचं कारण पुढे येईलच. मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने येणाऱ्यांनी बेंगळुरू स्थानकावर उतरून मॅजेस्टिकहून मेट्रोची हिरवी मार्गिका धरावी. चिकपेट, के. आर. मार्केट, नॅशनल कॉलेज आणि मग लालबाग. स्थानकातून बाहेर पडलं की बागेचं पश्चिम दार अगदी जवळ आहे. बाग २४० एकरांची आहे, तेव्हा निवडुंगांचा विभाग कुठल्या बाजूला आहे आणि आज उघडा आहे का, हे दारावरच विचारून घ्यावं. पायात बंद बूट, डोक्यावर टोपी, पाण्याची बाटली, आणि घरात असेल तर एक साधं भिंग. भिंग विसरू नका. मोबाइलचा कॅमेरा जवळचं टिपतो खरा, पण भिंगातून पाहताना माणूस वाकतो आणि थांबतो, तसं कॅमेऱ्यानं होत नाही.

पहिला मुक्काम निवडुंगांकडे करू नका. आधी खडकावर जा. ज्या उघड्या कातळावर केंपेगौडाचा बुरुज उभा आहे तो सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलं आहे. दख्खनच्या काळ्या कातळाशी ओळख असलेल्या आपल्यासारख्यांना हा करडा, पट्ट्यापट्ट्यांचा खडक वेगळाच वाटतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे कालपरवाचाच. पण इथे येण्याचं माझं कारण वेगळं आहे. पाऊस कितीही पडो, उघड्या कातळावर पाणी थांबत नाही. ऊन पडलं की तास-दोन तासांत तो कोरडा ठणठणीत होतो. भर बेंगळुरूत वाळवंट कसं असतं ते कळण्याची हीच जागा. सकाळी हात टेकवून पाहा, गार लागेल. अकरा वाजता पुन्हा टेकवा. मग फटींमध्ये काय उगवलंय ते शोधा: चिमूटभर माती धरून बसलेलं गवत, खडकाला चिकटलेली करडी-हिरवी दगडफुलं. पाणी मिळेल तेव्हा जगायचं आणि नसेल तेव्हा सुकून वाट पाहायची, हा त्यांचा मार्ग. निवडुंगाचा मार्ग उलटा आहे. तो मिळालेलं पाणी साठवतो आणि सुकायचं नाकारतो. खडकावरून उतरून निवडुंगांकडे गेलात की हा फरक डोळ्यांत भरतो.

आता निवडुंगांपुढे. एकच झाड निवडा. गोल, पिवळ्या काट्यांचं मोठ्या चेंडूएवढं झाड बहुतेक संग्रहांत असतं. ‘गोल्डन बॅरल’ म्हणून ते ओळखलं जातं आणि युरोपात त्याला गमतीनं सासूचं आसनही म्हणतात. त्याच्या अंगावर वरून खाली उभे कंगोरे असतात. हार्मोनियमच्या भात्यासारखं त्यांचं काम चालतं. पाणी मिळालं की घड्या उलगडतात आणि झाड फुगतं. पाणी आटलं की घड्या मिटतात आणि झाड आकसतं, पण साल फाटत नाही. शिवाय उन्हाच्या वेळी प्रत्येक कंगोरा शेजारच्या खोबणीवर सावली धरतो. हे खरं आहे का, ते सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. झाडाचा निम्मा पृष्ठभाग तरी स्वतःच्याच सावलीत सापडेल. पांढरे केस किंवा दाट काटे असलेल्या जातींत हीच सावली अंगभर पसरलेली असते. काटा म्हणजे गुरांपासून बचाव एवढंच आपण शाळेत शिकलो. काटे सावली देतात, गरम वाऱ्याचा मारा अंगापासून दूर ठेवतात, आणि काही जातींत धुक्याचे थेंब पकडून मुळांशी टपकवतात, हे मात्र राहून गेलं.

याच ‘गोल्डन बॅरल’चं मूळ गाव मध्य मेक्सिकोत आहे. नव्वदच्या दशकात तिथे सिमापान धरण बांधलं गेलं आणि याच्या नैसर्गिक अधिवासाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जगभरच्या बागांत आणि दुकानांत हे झाड लाखोंनी आहे. स्वतःच्या डोंगरावर ते संकटात आहे. आपल्यासमोरची कुंडी ही नुसती शोभेची वस्तू नाही, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

आता भिंग काढा. काटा जिथून निघतो तिथे एक छोटी, मऊ, लोकरीसारखी गादी दिसते का ते पाहा. ही गादी फक्त कॅक्टस कुळातच असते. काटे तिच्यातून येतात, फुलं तिच्यातून येतात, नवी फांदीही तिच्यातूनच फुटते. या एका खुणेनं तुम्ही बागेतल्या काटेरी झाडांची दोन गटांत विभागणी करू शकता. कारण आपण ज्यांना सरसकट निवडुंग म्हणतो त्यांतली निम्मी झाडं कॅक्टस नसतातच. शेताच्या बांधावरचं त्रिधारी निवडुंग, कुंपणाचा शेर, हे सगळे युफोर्बिया. त्यांना ती गादी नसते. त्यांच्या काटेरी जातींत काटे बहुधा जोडीजोडीनं असतात, आणि फांदी मोडली की पांढरा चीक येतो. कॅक्टस कुळ अमेरिका खंडातलं. फक्त एक जात आफ्रिका आणि श्रीलंकेतही नैसर्गिकरीत्या सापडते. युफोर्बिया मात्र आफ्रिका आणि आशियात वाढले. दोघांमध्ये अख्खा महासागर होता, एकमेकांशी नातं जवळजवळ नव्हतं, तरी कोरड्या हवेनं दोघांना एकाच आकारात आणून ठेवलं. उंच खांब, कंगोरे, काटे, पानं गायब. हे शेजारी शेजारी लावलेलं पाहायला मिळतं, म्हणून तर वनस्पती उद्यानात जायचं. डोंगरात ही जोडी एकत्र भेटणार नाही.

अशीच दुसरी जोडी म्हणजे कोरफड आणि घायपात. दोघांची पानं जाड, टोकदार, गुच्छात. कोरफडीच्या कुळातली झाडं मुख्यतः आफ्रिका आणि अरबस्तानातली. ती वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा फुलतात. घायपात मेक्सिकोकडचं, आणि आयुष्यात एकदाच फुलतं. दहा, वीस, कधी तीस वर्षं ते पानांत साखर साठवत राहतं, मग एका हंगामात कित्येक फूट उंच दांडा उभारतं आणि फुलून झाल्यावर मरतं. अशा दांड्यावर कधी कधी फुलांच्या जागी छोटी छोटी रोपंच लागलेली असतात. खाली पडली की रुजतात. फुललेलं घायपात दिसलं तर त्याला वेळ द्या, पुढच्या भेटीत ते तिथे नसेल.

मुलं बरोबर असतील तर त्यांना एक काम द्या. छोट्या, गाठीगाठीच्या मॅमिलारिया जातीच्या निवडुंगावर वरून पाहिलं की गाठी वळणावळणानं रचलेल्या दिसतात. उजवीकडे वळणाऱ्या ओळी मोजायला सांगा, मग डावीकडे वळणाऱ्या. बहुधा ८ आणि १३, किंवा १३ आणि २१ अशी जोडी निघते. हीच आकड्यांची साखळी सूर्यफुलात आणि अननसाच्या डोळ्यांत भेटते. दहावीतल्या मुलाला ही साखळी ओळखीची वाटेल. सहावीतल्याला नाही वाटली तरी तो मोजताना झाडापुढून हलणार नाही, हे मी खात्रीनं सांगते. चित्र काढायला वही दिली तर त्याहून उत्तम. फोटो काढणाऱ्यांनी सूर्य झाडामागे येईल असं उभं राहावं. काटे कडेनं पेटल्यासारखे दिसतात.

आता लालबागेतल्या माझ्या सर्वांत आवडत्या गोष्टीकडे येते. ती बागेत कुठल्या पाटीवर लिहिलेली सापडणार नाही. ही बाग १७६० साली हैदर अलीनं सुरू केली आणि टिपू सुलताननं वाढवली. १७९९ मध्ये टिपू पडला, बाग ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि पुढे कंपनीचा वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हाइन याच्याकडे तिची देखरेख आली. या माणसाला एक विचित्र गोष्ट जाणवली. पानफुटीचं पान पहाटे चाखलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळकडे कडसर. त्यानं ही निरीक्षणं इंग्लंडला पत्रानं कळवली आणि ती लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. यामागचं कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते उलगडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

कारण असं. साध्या झाडाच्या पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडी असतात. तिथून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेनं पाणी उडून जातं. वाळवंटात दिवसा छिद्रं उघडणं म्हणजे मरण. म्हणून ही झाडं रात्री, हवा गार असताना छिद्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो आम्लाच्या रूपात साठवतात. सूर्य उगवला की छिद्रं बंद, आणि दिवसभर त्या साठ्यावर आतल्या आत अन्न तयार होतं. पहाटेचं पान आंबट लागतं ते रात्रभराच्या या साठवणीनं; संध्याकाळपर्यंत आम्ल खर्च होतं. निवडुंग, घायपात, कोरफड, अननस, सगळे हीच रीत पाळतात, आणि शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं ते पानफुटीच्याच कुळावरून. वाळवंटी झाडांच्या या सर्वांत मोठ्या गुपिताचा पहिला धागा ज्यांच्या हाती लागला, त्यांतला एक माणूस लालबाग सांभाळत होता. निवडुंगांपुढे उभं राहताना हे आठवलं की ती झाडं सकाळी अकराला गप्प का वाटतात ते कळतं. त्यांचा कामाचा प्रहर रात्रीचा.

हा प्रयोग घरी करता येतो, आणि पान तोंडात घालायची गरज नाही. पानफुटीच्या कुळात काही विषारी द्रव्यं असतात, म्हणून मुलांना चाखू देऊ नका. गोकर्णाची पाच-सहा निळी फुलं गरम पाण्यात भिजवून निळं पाणी करा. पानफुटीचं एक पान सूर्योदयापूर्वी तोडा, वाटून गाळा आणि तो रस निळ्या पाण्यात घाला. दुसरं पान त्याच झाडाचं, दिवसभर उन्हात राहिलेलं, संध्याकाळी तोडून तसंच करा. दोन्ही वेळा पान आणि पाणी सारख्याच मापानं घ्या. पहाटेच्या पेल्याचा रंग जांभळ्याकडे जास्त झुकतो. लालबाग पाहून आलेल्या मुलाला हा रंग पाहताना कुठली गोष्ट आठवते ते विचारा.

सकाळी सहाला या म्हटलं त्याचंही कारण हेच. उंच खांबांसारखे वाढणारे सिरियस जातीचे निवडुंग रात्री फुलतात. त्यांची मोठी पांढरी फुलं मूळ देशात वटवाघळांसाठी आणि रात्रीच्या पतंगांसाठी उमलतात. बाग रात्री बंद असते, पण हंगामात पहाटे पोचलात तर फुलं अजून मिटलेली नसतात आणि मधमाश्या उरलेल्या परागावर तुटून पडलेल्या दिसतात. आठ-नऊपर्यंत खेळ संपतो. जुन्या बेंगळुरूतल्या घरांच्या आवारातही हे निवडुंग अजून उभे आहेत. बसवनगुडी-जयनगर भागात पहाटे पायी फिरताना कुंपणावरून डोकावणारी फुलं दिसू शकतात.

रात्री फुलणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून सांगते. आपल्याकडे गच्चीत जे ब्रह्मकमळ वर्षातून एखाद-दोन रात्री फुलतं आणि ज्याची पूजा होते, तेही कॅक्टसच. हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं. आपलं हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलात झाडांवर वाढणारं, त्यामुळे त्याला कडक ऊन नको, थोडी सावली हवी. आणि बेंगळुरूच्या फळगाड्यांवरचं गुलाबी ड्रॅगन फ्रूट, जे आता सांगली-सोलापूरकडचे शेतकरीही लावतात, ते याच घराण्यातलं. लालबागेतून बाहेर पडल्यावर एक फळ विकत घ्या आणि सालीवरचे खवले पाहा.

फड्या निवडुंगाची कथा तर थेट आपल्या दारातली आहे. चपट्या फड्यांचं हे झाडही अमेरिकेतून आलेलं, पण दख्खनवर ते इतकं माजलं की ते इथलंच वाटू लागलं. त्याची लाल बोंडं आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं काटे दगडावर घासून खाल्ली, दुष्काळात काटे जाळून फड्या गुरांना घातल्या. मग अनेक ठिकाणी ते झपाट्यानं नाहीसं झालं. त्यामागे एक किडा आहे. कोचिनील नावाच्या या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो. तो रंग इथेच बनवावा म्हणून १७९५ मध्ये बंगालात हा किडा आणला गेला, पण जात भलतीच निघाली. रंग काही मिळाला नाही. किड्यानं निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली. पुढे १९२६ मध्ये श्रीलंकेमार्गे त्याची दुसरी जात दक्षिण भारतात मुद्दाम सोडली गेली आणि तिनं उरलेल्या मोठ्या निवडुंगरानांचा फडशा पाडला. तणाचा बंदोबस्त किड्याकरवी करण्याचं हे जगातल्या फार जुन्या यशस्वी उदाहरणांपैकी एक. फडीवर कापसाचे पांढरे ठिपके दिसले तर तोच किडा. रस्त्याकडेच्या कुंपणावर दिसला तर काडीनं एक ठिपका चिरडून पाहा, काडी लालभडक होते. बागेतल्या झाडावर मात्र हे करू नका.

बागेत कसं वागावं, त्यातली एकच गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. घायपाताच्या पानावर आणि निवडुंगाच्या फडीवर नावं कोरलेली असतात. बदामात दोन नावं, खाली तारीख. आंब्याचं पान वर्षा-दोन वर्षांत गळतं. घायपाताचं पान झाडाबरोबर वर्षानुवर्षं राहतं आणि ती जखम कधीच बुजत नाही, कारण तिथली पेशी पुन्हा वाढत नाही. साल चिरली की साठवलेलं पाणी जातं आणि बुरशीला वाट मिळते. अॅरिझोनाच्या वाळवंटातला प्रचंड साग्वारो निवडुंग पहिल्या आठ-दहा वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो आणि त्याला पहिला बाहू फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं जातात. वेळ मोजण्याची या झाडांची पट्टी वेगळी आहे. कुणी नाव कोरताना दिसलं तर थांबवा. शांतपणे, पण थांबवाच.

काटा लागला तर घाबरू नका. मोठा काटा चिमट्यानं सरळ ओढून निघतो. फड्या निवडुंगाचे केसांएवढे बारीक काटे जास्त त्रास देतात. ते हातानं चोळू नका, चिकटपट्टी दाबून सरळ उचला आणि उरलेले चिमट्यानं काढा. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर मात्र लगेच भरपूर पाण्यानं डोळा धुवत राहा आणि डॉक्टरांकडे जा. हे हलक्यात घ्यायचं नाही. लहान मुलांना चीक येणाऱ्या झाडांपासून हातभर दूरच ठेवावं.

पाहून झालं की भूक लागते. लालबाग रस्त्यावर १९२४ साली सुरू झालेलं मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एमटीआर, चालत जाण्याजोगं आहे. दुसऱ्या महायुद्धात तांदळाचा तुटवडा पडला तेव्हा रवा इडली इथेच जन्मली असं हे उपाहारगृह सांगतं. रांग असते, ती धरावी.

मग झाडं घरी न्यायचा मोह. लालबागेत रोपवाटिकाधारकांची सहकारी संस्था आहे, आणि सिद्धापुराच्या बाजूलाही रोपवाटिका आहेत. निवडुंग घेताना तीन गोष्टी तपासा. माथ्यावर लाल किंवा पिवळा गोळा बसवलेलं झाड हे कलम असतं. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो, आणि बहुतेक वेळा काही वर्षांतच जातो. दुसरं, छोट्या निवडुंगावर लालगुलाबी कागदी फूल दिसलं तर हळूच हलवून पाहा. पुष्कळदा सुकं फूल डिंकानं चिकटवलेलं असतं, आणि ते काढताना माथ्याला इजा होते. तिसरं, बुंध्याशी बोट लावून पाहा. मऊ लागलं तर झाड आतून कुजलेलं आहे, कितीही सुंदर दिसो. अगदी दुर्मीळ, वेडीवाकडी, जखमांची सालं असलेली जुनी झाडं कुणी स्वस्तात देऊ केली तर ती जंगलातून उपटलेली असू शकतात. ती घेऊ नका. परदेशातून येताना पेटीत निवडुंग घालून आणू नका. जवळजवळ सगळे कॅक्टस आंतरराष्ट्रीय व्यापारकराराखाली येतात आणि परवान्याशिवाय नेता-आणता येत नाहीत.

घरी आणलं की प्लास्टिकच्या कुंडीतून मातीच्या कुंडीत हलवा. मिश्रणात निम्म्याहून जास्त बारीक खडी, विटांचा चुरा आणि जाड वाळू, उरलेल्यात शेणखत-माती. बांधकामाची बारीक वाळू नको, ती बसते आणि पाणी धरते. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी घालू नका, तुटलेल्या मुळांना भरून यायला वेळ हवा. पूर्वेकडची बाल्कनी सर्वांत बरी. रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली वाढलेलं झाड एकदम दक्षिणेच्या उन्हात ठेवलं तर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. उन्हाची सवय दोन-तीन आठवड्यांत हळूहळू लावा. पाणी द्यायचं तेव्हा तळातून वाहेपर्यंत द्या, आणि मग मिश्रण पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका. कणाकणानं रोज दिलेलं पाणी हे निवडुंग मरण्याचं सर्वांत मोठं कारण. काट्यांच्या बुडाशी कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा आणि ते झाड बाकीच्यांपासून दूर ठेवा.

बेंगळुरूकरांनी एक विशेष लक्षात ठेवावं. इथला पाऊस जूनमध्ये येतो खरा, पण सर्वांत जोराचा असतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा पुण्या-मुंबईचा माणूस पावसाळा संपला म्हणून प्लास्टिकचं छप्पर काढून ठेवतो. ते छप्पर नोव्हेंबर संपेपर्यंत राहू द्या. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी वाळवंटी कॅक्टसच्या नादी लागण्यापेक्षा अडेनियम, कोरफड, पानफुटी आणि गच्चीतलं ब्रह्मकमळ यांपासून सुरुवात करावी. दमट हवेत ती तग धरतात.

ज्यांना याची गोडी लागेल त्यांच्यासाठी पुढचा पल्ला हरियाणातला पंचकुला. १९८७ साली सुरू झालेलं तिथलं निवडुंग उद्यान सात एकरांवर पसरलं आहे, आणि तिथे परदेशी कॅक्टसबरोबर आपल्या देशातली मांसल खोडांची झाडंही जपली आहेत. त्यांत माकडशिंगाच्या कुळातल्या जाती मुद्दाम पाहाव्यात. आपल्या पठारांवरच्या खडकाळ माळांवर, काटेरी झुडपांच्या आडोशाला हे चौकोनी खोडाचं, बिनपानांचं, बिनकाट्यांचं झाड अजून सापडतं. दुष्काळात लोकांनी त्याची भाजी करून खाल्ली आहे. पावसाळ्याच्या सुमारास त्याला तांबूस, माश्यांना ओढणाऱ्या वासाची फुलं येतात. सोलापूर, सांगली, अहिल्यानगर किंवा विजापूरकडच्या माळावर गेलात आणि ते भेटलं, तर उपटू नका. भिंग काढा, गुडघ्यावर बसा, आणि लालबागेत जे शोधलं तेच इथे शोधा: पाणी कुठे साठवलंय, सावली कुणाची घेतलीय, पानं कुठे गेली.